‘दादा, काय मारू?’ : ग्रुपवर लिहिण्याची रीत

ऑक्टोबर छाटणीला पंचवीसएक दिवस झालेले असतात. दुपारी पावसाची एक सर येऊन जाते आणि संध्याकाळी द्राक्षबागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो पडतो. एकच पान, तेही हललेलं. खाली तीन शब्द : ‘दादा, काय मारू?’ दहा मिनिटांत पाच-सहा औषधांची नावं येतात. दोघं एकमेकांचं म्हणणं खोडून काढतात, तिसरा आपल्या दुकानाचा नंबर टाकतो. ब्लोअर जोडून उभा असलेला शेतकरी शेवटी सगळ्यात आधी आलेलं नाव धरतो आणि बागेत शिरतो.

यात कुणाचाच हेतू वाईट नसतो. पण फोटो पानाच्या वरच्या बाजूचा असतो. डाउनी या रोगाची पांढरी वाढ दिसते पानाच्या खालच्या बाजूला. वर नुसता पिवळट, तेलकट डाग असतो. भुरी हा दुसरा रोग मात्र वरूनही राख टाकल्यासारखा दिसतो. विचारणारा आणि सांगणारा बागेत शेजारी उभे असते, तर जाणत्या माणसाने काही न विचारता पान उलटं केलं असतं. ग्रुपवर दुसऱ्याला ते करता येत नाही. लिहिणाऱ्यानेच पान उलटं करून दाखवावं लागतं.

ग्रुपवर कसं लिहावं याचे जे नियम सांगितले जातात, त्यांचं मूळ मला या उलट्या न केलेल्या पानात दिसतं. समोरासमोर बोलताना पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात : बोलणारा कोण आहे, घाईत आहे की रागात, बोलणं कुणाला उद्देशून आहे, कधीचं आहे. ग्रुपवर यातलं काहीच दिसत नाही. जे दिसत नाही ते शब्दांत भरून द्यावं लागतं.

तीस वर्षांपूर्वीचा एक कागद

हा प्रश्न व्हॉट्सॲपने आणलेला नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९७९ मध्ये दोन विद्यार्थ्यांनी ‘यूजनेट’ची कल्पना मांडली. संगणक एकमेकांना टेलिफोनच्या तारेने जोडून विषयवार चर्चा चालवण्याची ती पद्धत होती. भांडणं, गैरसमज, विषय सोडून बोलणं हे सगळं तिथेही लवकरच सुरू झालं. ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत ‘आरएफसी १८५५’ या क्रमांकाने शिष्टाचारांचं एक टिपण निघालं. ते इंटेल कंपनीतल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलं होतं.

ते आज वाचलं तरी आपल्या सोसायटीच्या ग्रुपसाठी लिहिल्यासारखं वाटतं. उत्तर देताना मूळ मजकुराचा आवश्यक तेवढाच भाग सोबत ठेवा. राग आला असेल तर उत्तर रात्रभर थांबवून दुसऱ्या दिवशी पाठवा. सगळा मजकूर इंग्रजीच्या मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत लिहिलात तर ओरडल्यासारखं वाटतं. आपल्या देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, पण ओरडायचं म्हटलं की आपणही मागे राहत नाही : दोन्ही बाजूंना तारका देऊन सगळा मजकूर ठळक केला जातो, सहा-सहा उद्गारचिन्हं लागतात आणि तोच मजकूर दर तासाला पुन्हा टाकला जातो.

आधी बसा, मग बोला

त्याच टिपणात नव्या माणसाला एक सल्ला आहे : स्वतः काही लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचा. आज दोन महिने कुणी थांबणार नाही, आणि तशी गरजही नाही. पण मागचे दोन-तीन दिवस वर सरकवून वाचायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात कळतं की इथे कोण जाणतं आहे, कोणता विषय चालतो, लोक एकमेकांना ‘दादा-ताई’ म्हणतात की ‘साहेब-मॅडम’.

मराठी विकिपीडियावर सर्वसाधारण चर्चेच्या पानाला ‘चावडी’ म्हणतात. हा शब्द मला फार योग्य वाटतो. चावडीवर आलेला माणूस आधी रामराम करतो, जागा बघून टेकतो, चाललेलं बोलणं ऐकतो. ग्रुपवर मात्र आल्याबरोबर विम्याची जाहिरात टाकणारे पुष्कळ.

दुसऱ्याला ग्रुपमध्ये घालण्याआधी त्याला विचारणं हाही याच रीतीचा भाग. ग्रुपमध्ये गेलं की आपला नंबर सगळ्यांना दिसतो, आणि व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये आज १०२४ पर्यंत माणसं असू शकतात. एखाद्या ताईंचा नंबर असा शेकडो अनोळखी लोकांसमोर ठेवताना आपण त्यांची परवानगी घेतलेली असावी. आपल्याला ग्रुपमध्ये कोण घालू शकतो हे ठरवण्याची सोय २०१९ पासून आहे. तिचा वापर जरूर करावा. तरीही विचारण्याची जबाबदारी घालणाऱ्याचीच.

प्रश्न कसा विचारावा

यावर मी थोडं थांबून लिहिणार आहे, कारण ग्रुपचा खरा उपयोग इथेच आहे आणि नासाडीही इथेच होते.

त्या द्राक्षाच्या पानाकडे परत येऊ. तोच प्रश्न असा आला असता तर : ‘थॉमसन, ऑक्टोबर छाटणीचा आज २६ वा दिवस. आज दुपारी अर्धा तास पाऊस, सकाळी दव. खालच्या पानांवर पिवळट डाग. वरचा आणि खालचा, दोन्ही फोटो देतोय. घडावर अजून काही नाही. परवा सकाळी एक फवारणी झाली आहे, घटकाचं नाव खाली लिहिलंय. आज संध्याकाळी काही घेणं गरजेचं आहे का, की थांबू?’

हे लिहायला चार मिनिटं जास्त लागतात. पण वाण, छाटणीनंतरचा दिवस, हवामान, आधीची फवारणी, पानाच्या दोन्ही बाजू हे सगळं आलं, की जाणत्याला उलटे प्रश्न विचारावे लागत नाहीत. बागायतदार एरवीही दिवस छाटणीपासूनच मोजतात. घाईच्या वेळी नेमकं तेच लिहायचं राहतं. शेवटचं वाक्य तर फारच मोलाचं. ‘काय मारू?’ या प्रश्नात काहीतरी मारायचंच आहे हे आधीच ठरलेलं असतं. ‘थांबू का?’ असं विचारलं, की न फवारण्याचा सल्ला देणाऱ्यालाही तोंड उघडता येतं.

इतर ग्रुपांनाही हे तंतोतंत लागू आहे. ‘कुणाला चांगला प्लंबर माहीत आहे का?’ याऐवजी ‘तिसऱ्या मजल्यावर बाथरूमच्या भिंतीतून ओल येते, टाइल न फोडता गळती शोधणारा कुणी आहे का?’ असं विचारावं. ‘दहावीनंतर काय करावं?’ याऐवजी मुलाला काय आवडतं, कोणत्या गावात राहता, वसतिगृहात ठेवण्याची तयारी आहे का, हे लिहावं. आणि विचारण्याआधी ग्रुपच्या शोधखिडकीत एक शब्द टाकून पाहावा. आपला प्रश्न मागच्याच महिन्यात कुणी विचारून झालेला असतो.

एक चूक जाणत्या माणसांकडूनही होते. नुसतं ‘नमस्कार सर, एक शंका होती’ एवढंच लिहून ते वाट पाहत बसतात. समोरासमोर हे सभ्यपणाचं आहे, ग्रुपवर नाही. अनेकांचे फोन वाजतात आणि शंका काय ते कुणालाच कळत नाही. नमस्कार करावा आणि त्याच मजकुरात शंकाही लिहावी.

उत्तर देणाऱ्याने काय सांभाळावं

सल्ला देताना तो कशाच्या आधारावर देतोय हे सांगावं. ‘माझ्या प्लॉटवर मागच्या वर्षी असं झालं होतं’ आणि ‘मी असं ऐकलंय’ या दोन्हींची किंमत वेगळी. वाचणाऱ्याला ती कळली पाहिजे.

औषधाचं नुसतं कंपनीचं नाव न देता त्यातल्या घटकाचं नाव द्यावं. एकच घटक बाजारात अनेक नावांनी मिळतो. नाव वेगळं म्हणून शेतकरी तोच घटक पुन्हा फवारतो आणि खर्च दुप्पट होतो. फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचं अंतर हवं, हेही निर्यातीच्या मालात बघावं लागतं. औषधाचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त निघाले तर माल नाकारला जातो. तेव्हा ज्याने ग्रुपवर सहज एक नाव टाकलं होतं, त्याला कुणी विचारायला जात नाही. लेबलवर काय लिहिलंय ते वाचा, पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला बघा, असं म्हणण्यात कमीपणा नाही. माहीत नसेल तर गप्प राहावं. ग्रुपवर आलेल्या प्रत्येक प्रश्नाला प्रत्येकाने उत्तर देण्याची गरज नसते.

‘हो’ कुणाला?

गजबजलेल्या ग्रुपवर नुसतं ‘हो’, ‘बरोबर’, ‘चालेल’ असं आलं की ते कशाला हे कळत नाही. मधे सात मजकूर येऊन गेलेले असतात. ज्याला उत्तर द्यायचं तो मजकूर बाजूला सरकवून त्याखाली लिहिण्याची सोय प्रत्येक फोनवर आहे.

अंगठ्याचंही तसंच. काहींसाठी अंगठा म्हणजे ‘वाचलं’, काहींसाठी ‘मंजूर’. रंगकामाचा खर्च अंगठे मोजून मंजूर झाल्याचं धरलं आणि नंतर सभेत भांडण झालं, हे मी आमच्याच इमारतीत पाहिलंय. मत घ्यायचं असेल तर मतचाचणीची सोय वापरावी. पैशाचा निर्णय असेल तर रीतसर सभा बोलवावी.

लिपी आणि आवाज

मराठी रोमन लिपीत लिहिण्याची सवय अजून गेलेली नाही. ‘वी-ई-एल’ अशी अक्षरं लिहिली तर वेल की वेळ? ‘पी-ए-एन’ म्हणजे पान की पण? आपण मनात उच्चारत लिहितो म्हणून आपल्याला ते स्पष्ट वाटतं. वाचणाऱ्याला अंदाज करावा लागतो. देवनागरी कळफलक आता फुकट मिळतो, मराठीत बोलून लिहिण्याची सोयही चांगली झाली आहे. पाठवण्याआधी एकदा वाचून मात्र पाहावं, कारण फोन स्वतःच्या मनाने शब्द बदलतो.

आवाजी निरोपाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. अनेक ग्रुपांवर त्याला बंदी असते. ती मला पटत नाही. ज्यांना लिहिणं जड जातं, ज्यांचे हात दिवसभर मातीत किंवा पिठात असतात, त्यांनी बोलावंच. पण चार मिनिटांचा निरोप कशाबद्दल आहे हे ऐकल्याशिवाय कळत नाही आणि नंतर शोधताही येत नाही. म्हणून सोबत एक ओळ लिहावी : ‘ठिबकच्या पाइपबद्दल’. तेवढी ओळ लिहिता येत नसेल, तर ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी ती खाली लिहून द्यावी.

पुढे पाठवताना

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोचल्या होत्या. जमावाने या पाच जणांना टोळीतले समजून जिवे मारलं. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी ही माणसं होती.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या मजकुरावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एकावेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये, फार वेळा फिरलेला मजकूर एकावेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. अशा मजकुरावर दोन बाणांची खूण येते. यंत्राला एवढंच करता येतं. पाठवायचं की नाही हे हातात फोन असलेला माणूस ठरवतो.

दोन बाण दिसले तर मी तीन गोष्टी पाहतो : तारीख आहे का, ठिकाण आहे का, आणि हे स्वतः पाहिलेला माणूस कोण. तिन्ही नसतील तर मजकूर माझ्यापाशी थांबतो. ‘खरं असेल तर लोकांना कळावं म्हणून पाठवलं’ हे कारण मला मान्य नाही. राईनपाड्याच्या आधी अफवा पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांचं कारण हेच असणार.

चांगल्या हेतूच्या मजकुरालाही हे लागू आहे. ‘तातडीने रक्त हवे’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरत राहतो, कारण त्यावर तारीख नसते. लिहिताना रक्तगट, रक्त हवं की प्लेटलेट, रुग्णालय आणि गाव, कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत, आणि नातेवाइकाचा त्यांना विचारून दिलेला नंबर एवढं तरी असावं. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. तेव्हा डेंग्यूच्या दिवसांत तारखेशिवायचा निरोप निरुपयोगी ठरतो. गरज भागली की तसं त्याच ग्रुपवर लिहावं आणि मूळ मजकूर सगळ्यांसाठी काढून टाकावा. तो साधारण दोन-अडीच दिवसांतच काढता येतो.

आपण टाकलेलं चुकीचं निघालं तर? गुपचूप पुसू नये. ज्यांनी वाचलं त्यांच्या मनातून ते पुसलं जात नाही. ‘सकाळी मी टाकलेली पाणीकपातीची बातमी जुनी आहे, माफ करा’ एवढं त्याच जागी लिहावं.

दुःखाची बातमी

कुणी गेल्याचं ग्रुपवर येतं आणि त्यामागोमाग शंभर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. प्रत्येकाचं वाईट वाटणं खरंच असतं. पण मयत किती वाजता, कुठून निघणार हा मजकूर त्या रांगेखाली गाडला जातो. गावाहून निघालेला भाऊ गाडीत बसून बोटाने वर वर सरकवत वेळ शोधत राहतो.

बातमी टाकणाऱ्याने घरच्यांना विचारूनच टाकावी. मुलगी परदेशात असेल आणि तिला अजून कळवलं नसेल, तर तिला ते ग्रुपवरून कळू नये. बातमीत पूर्ण नाव, अंत्यविधीचं ठिकाण आणि वेळ, आणि घरच्यांच्या वतीने बोलणाऱ्या एकाचा नंबर असावा. ॲडमिनने तो मजकूर वर टाचून ठेवावा. आपण ग्रुपवर फार तर हात जोडल्याची खूण त्या मजकुरालाच जोडावी आणि दोन ओळी घरच्या माणसाला स्वतंत्र लिहाव्या. गेलेल्या माणसाची एखादी आठवण असेल तर ती लिहावी. महिन्याभराने, घर रिकामं झाल्यावर, घरची माणसं ती पुन्हा वाचतात. आणि त्या दिवशी तरी विनोदाचे व्हिडिओ त्याच ग्रुपवर येऊ नयेत.

टोमणा

मराठी ग्रुपांवर शिवीगाळ तशी कमी. जास्त इजा होते ती टोमण्याने. ‘काही सभासदांना शिस्त कशाशी खातात हे माहीत नाही.’ नाव घेतलेलं नाही, म्हणून लिहिणाऱ्याला आपण सभ्य राहिलो असं वाटतं. पण ज्याला उद्देशून लिहिलं त्याला ते कळत नाही किंवा तो वळत नाही, आणि ज्यांचा काही संबंध नाही अशा दहा जणांना ते लागतं.

त्याऐवजी : ‘बी विंगच्या जिन्याखाली काल रात्रीपासून पांढरी स्कूटर उभी आहे. मीटरची पेटी उघडता येत नाही. ज्यांची असेल त्यांनी कृपया आज काढावी.’ यात जागा आहे, वेळ आहे, अडचण आहे आणि काय करायचं ते आहे. माणसाच्या स्वभावाबद्दल एकही शब्द नाही. मतभेद कितीही असोत, लिहायचं ते घडलेल्या गोष्टीबद्दल. त्यातून उत्तर निघू शकतं. आणि एखाद्याला त्याची चूक सांगायची असेल, तर आधी त्याला एकट्याला सांगावी. वयाने मोठ्या काकांना सुनेदेखत, मुलांदेखत ग्रुपवर खोडून काढलं, तर ते बरोबर असलं तरी त्यांना ऐकवत नाही.

जे चार लोकांत न्यायचं नाही

देखभालखर्च थकवणाऱ्यांची यादी, कुणाच्या तपासणीचा अहवाल, दुसऱ्याच्या मुलांचे गुण किंवा फोटो, खासगी गप्पांचे स्क्रीनशॉट यांतलं काहीही त्या त्या माणसाला विचारल्याशिवाय टाकू नये. लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. ‘न्याय मिळावा म्हणून’ तिचा फोटो पुढे पाठवणारी माणसं मी पाहिली आहेत. हेतूमुळे तिला झालेली इजा कमी होत नाही.

ॲडमिनचं काम

गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं, की सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला एवढ्यावरून ॲडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसला पाहिजे. ॲडमिनला माणूस घालता-काढता येतो, पण मजकूर येण्याआधी तपासता येत नाही, हे न्यायालयाने लक्षात घेतलं.

कायद्याची भीती नसली तरी काम उरतंच. ग्रुप कशासाठी आहे हे दोन ओळींत वर्णनात लिहून ठेवावं. रात्री दहानंतर फक्त तातडीचं, असं ठरवावं. सुप्रभातच्या चित्रांसाठी आणि वाढदिवसांसाठी हवा तर वेगळा ग्रुप करावा. त्यांत आनंद मिळणारी माणसं आहेत आणि त्यांना हिणवण्याचं कारण नाही. नियम मोडणाऱ्याला काढण्याआधी त्याला फोन करावा.

उत्तर मिळाल्यावर

शेवटचा भाग सगळ्यात जास्त राहून जातो. प्रश्न विचारणारा उत्तर घेऊन निघून जातो. पाच जणांनी पाच सल्ले दिलेले असतात. त्यांतला कोणता घेतला, काय झालं, हे पुढे कुणालाच कळत नाही.

ज्या बागायतदाराने पानाच्या दोन्ही बाजू दाखवल्या, त्याने चार दिवसांनी त्याच वेलीचा फोटो पुन्हा टाकावा. आज ३० वा दिवस, काय फवारलं, किती वाजता, नवे डाग आले की थांबले, एवढं लिहावं. सल्ला चुकला असेल तर तेही लिहावं. पुढच्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस पडेल, तेव्हा दुसऱ्या तालुक्यातला कुणीतरी शोधखिडकीत ‘डाउनी’ लिहील आणि त्याला ते पान दोन्ही बाजूंनी दिसेल.